पेशी ताणायचं यंत्र: विकत घ्यावं की स्वतः बनवावं?

गोदाकाठ | ९ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी नांदेड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या मुलांना पेशीजीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे जुना पण चांगला चालणारा कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर (पेशी वाढवायची उबदार पेटी) आहे, मायक्रोस्कोप आहे आणि पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून आणलेल्या एनआयएच-३टी३ जातीच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतींना बांधून ठेवणारे तंतू बनवणाऱ्या, पेशी आहेत.

यंदा दोन मुलींना प्रोजेक्टला हा प्रश्न द्यायचाय: पेशी ज्या रबरी पडद्यावर चिकटल्यात, तो सारखा ओढला-सोडला तर त्या काय करतात? फुप्फुस, रक्तवाहिनी, स्नायू, कातडी, सगळीकडे पेशी जन्मभर ताणल्या जातात. आपण मात्र त्यांना कडक प्लॅस्टिकच्या बशीत वाढवतो आणि त्यावरून शरीराबद्दल बोलतो. हे मला कधीपासून खटकतंय.

तयार यंत्राचं कोटेशन मागवलं. आकडा लिहीत नाही, पण आमच्या विभागाचा तीन वर्षांचा केमिकल्सचा खर्च त्यात निघेल. म्हणून विचारते: १० टक्के ताण, सेकंदाला एक वेळा, सलग २४ तास देणारं यंत्र आपल्याला बनवता येईल का? कुणी बनवलंय का? काय चुकतं तेही सांगा.

अबोली | ९ जुलै, रात्री १०.०५

ताई, मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे साधा प्रश्न. पेशी डोळ्याला दिसत नाही, मग ती धरायची कुठे आणि ओढायची कशी?

गोदाकाठ | ९ जुलै, रात्री १०.२०

अबोली, पेशीला हात लावायचाच नाही. पीडीएमएस नावाचं पारदर्शक सिलिकॉन रबर मिळतं. त्याचा पातळ पडदा करायचा, त्यावर कोलॅजन किंवा फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचा थर द्यायचा, म्हणजे पेशींना धरायला जागा मिळते. एका रात्रीत त्या पसरून घट्ट बसतात. मग पडदा दोन बाजूंनी धरून ओढला की त्याच्याबरोबर पेशीही ताणली जाते. चादरीला ठिगळ शिवलंय आणि चादर ओढली, तसंच.

पवईकर | ९ जुलै, रात्री ११.३०

बनवा. मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी दोन्ही प्रकार वापरलेत म्हणून सांगतो.

बाजारातलं जे प्रसिद्ध यंत्र आहे, फ्लेक्ससेल, त्यात प्लेटचा तळच रबरी असतो. खालून व्हॅक्यूम लावला की तळ खाली खेचला जातो आणि मधल्या गोल खुंटावरून घसरत ताणला जातो. त्यात ताण सगळ्या दिशांना सारखा बसतो. तुम्हाला एकाच दिशेचा ताण हवा असेल, तर दोन पकडी, एक स्क्रू आणि एक स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) पुरते.

हिशोब सोपा आहे. नेमा १७ मापाची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ८ मिलिमीटर लीडचा (एका फेऱ्यात तेवढा सरकवणारा) स्क्रू घेतला तर एका पावलाला ०.०४ मिलिमीटर. पडद्याची मोकळी लांबी २० मिलिमीटर धरा. १० टक्के म्हणजे २ मिलिमीटर, म्हणजे ५० पावलं पुढे, ५० मागे. सेकंदाला १०० पावलं. आर्डुइनोला (मोटर चालवणारं छोटं प्रोग्रामचं सर्किट) हे काहीच नाही.

पण एक गोष्ट आत्ताच वहीत लिहून ठेवा: पकडी २ मिलिमीटर सरकल्या म्हणून पेशीला १० टक्के ताण मिळाला असं नाही. पडदा पकडीत घसरतो, कडेला वेगळा ताणला जातो, मधे वेगळा. पडद्यावर मार्करने बारीक ठिपके द्या, ताणायच्या आधी आणि पूर्ण ताणल्यावर फोटो काढा, ठिपक्यांमधलं अंतर मोजा. तो खरा ताण. मी पहिले चार महिने मोटरचा आकडाच खरा धरला होता. ती सगळी मापं नंतर टाकून द्यावी लागली.

लेथवाला | १० जुलै, सकाळी ६.५०

ताई, मी भोसरीत जॉब वर्क करतो, चाळीस वर्षं झाली. बायोलॉजी कळत नाही पण पुढे-मागे करणारी वस्तू कळते. स्टेपर कशाला? साठ आरपीएमची गिअर मोटर घ्या, तिच्या शाफ्टवर १ मिलिमीटर एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून तेवढी बाजूला सरकलेली चकती, बसवा. फेऱ्याला २ मिलिमीटरचा स्ट्रोक आपोआप. सेकंदाला एक फेरा. प्रोग्राम नाही, काही नाही, दिवसरात्र चालेल. शिलाई मशिनची सुई कशी वर-खाली होते, तसंच.

२४ तासांत फेरे किती होतात ते बघा: ८६,४००. स्क्रू आणि नटवर तेवढ्या वेळा दिशा बदलली की बॅकलॅश, म्हणजे झिजून आलेला ढिलेपणा, येणारच. एक्सेंट्रिकला ती भीती नाही.

पवईकर | १० जुलै, सकाळी ९.१५

काका, बॅकलॅशचं शंभर टक्के खरं. पण उद्या ५ टक्के करायचे झाले, किंवा 'एकदाच ताणून तसंच धरून ठेवा' असा प्रयोग झाला, तर एक्सेंट्रिक बदलत बसावं लागेल. अँटी-बॅकलॅश नट घातला तर स्टेपरही टिकतो.

लेथवाला | १० जुलै, दुपारी १.१०

एक्सेंट्रिकला खाच ठेवतो, बोल्ट सैल करून ० ते २ मिलिमीटर ऑफसेट कुठेही बसवा. पाच मिनिटांचं काम. ताई, ड्रॉइंग पाठवा, मी करून देतो. पकडी पितळेच्या करू का? मशिनिंगला गोड जातं.

गोदाकाठ | १० जुलै, दुपारी १.४०

काका, फार आभार! पण पितळ नको. त्यातलं तांबं आणि जस्त मीडियममध्ये (पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवात) उतरलं की पेशी मरतात. पेशींच्या आसपास फक्त स्टेनलेस, काच आणि सिलिकॉन. आणि इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश आणि भरपूर दमट हवा असते, साधं लोखंड आठवड्यात गंजतं.

पवईकर | १० जुलै, दुपारी २.००

मोटरही आत ठेवू नका. स्टेपर नुसता उभा असतानाही तापतो, त्यात ओलावा आणि सर्किट एकत्र. इन्क्युबेटरच्या मागच्या भिंतीला रबरी बुच असलेलं भोक असतं, त्यातून फक्त दांडी आत न्या. आतल्या दांडीला डेलरिनचे (कडक, गुळगुळीत प्लॅस्टिकचे) बुश द्या, ग्रीस लावू नका.

कडक चहा | १० जुलै, रात्री ८.२५

सगळे यंत्रात रमलेत, म्हणून विरोधी बाजू मांडतो. पीडीएमएस नेहमीच्या दहास एक प्रमाणात केलं तर त्याचा कडकपणा साधारण २ मेगापास्कल, म्हणजे २,००० किलोपास्कल, येतो. मेंदूची ऊती एक किलोपास्कलच्या आसपास, स्नायू १० ते १५. म्हणजे प्लॅस्टिकची बशी सोडून तुम्ही पेशीला दगडावरून जरा कमी दगडावर आणलंत. तो ताणलात तरी पेशीला तो दगडच.

२००६ साली एंगलर, सेन, स्वीनी आणि डिशर यांनी दाखवलं की अस्थिमज्जेतल्या मूळपेशींना नुसत्या वेगवेगळ्या मऊपणाच्या जेलवर ठेवलं तरी त्यांची वाट बदलते. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशीसारख्या फांद्या काढतात, मध्यम जेलवर स्नायूकडे झुकतात, हाडाच्या कच्च्या साच्याइतक्या कडक जेलवर हाडाकडे. बाकी खाणं-पिणं तेच. ताणाआधी मऊपणाचा प्रश्न घ्या असं माझं मत. पॉलिअॅक्रिलामाइड जेल कुठल्याही लॅबमध्ये होतं, मोटर लागत नाही.

पवईकर | १० जुलै, रात्री ९.००

त्या शोधनिबंधातले सेन म्हणजे शमिक सेन, आता आमच्याच आयआयटी मुंबईत आहेत.

मुद्दा बरोबर, पण निष्कर्ष पटत नाही. पडदा कडक आहे म्हणूनच तो ओढला की पेशी त्याच्याबरोबर पूर्ण ताणली जाते. मऊ जेल पकडीत धरून ८६,४०० वेळा ओढा बरं, पहिल्या तासात फाटेल. 'पेशी ताणाला काय करते' आणि 'पेशी मऊपणाला काय करते' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ताईंचा पहिला आहे.

कडक चहा | १० जुलै, रात्री ९.२०

वेगळे आहेत हे मान्य. पण मुलींनी निष्कर्षात 'शरीरात असंच होतं' असं लिहू नये एवढंच म्हणणं.

गोदाकाठ | १० जुलै, रात्री ९.३५

ते वाक्य मी स्वतः खोडीन. जेलचा प्रयोग पुढच्या बॅचला नक्की.

दंतकथा | ११ जुलै, सकाळी ११.१०

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, सोलापूर. तुम्ही बशीत करणार ते मी रोज खुर्चीवर करतो! तार बसवली की दाताच्या एका बाजूला दाब, दुसऱ्या बाजूला ताण. दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, ताणाच्या बाजूला नवीन भरतं, आणि दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. दात आणि हाड यांच्यामधल्या पातळ लिगामेंटमधल्या पेशींना हे कळतं. त्याही फायब्रोब्लास्टच.

जोर जास्त लावला तर दात भरभर सरकेल असं पालकांना वाटतं. उलट होतं. जास्त दाबाने तिथलं रक्त थांबतं, पेशी मरतात, दात अडकून बसतो. पाय लांब करायच्या इलिझारोव्ह पद्धतीतही असंच. दिवसाला १ मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्हने हे बसवलं. तेव्हा ताई, ५ आणि १० टक्के दोन्ही करून बघा.

सिंगापुरी साळुंकी | ११ जुलै, दुपारी ४.४५

मी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर काम केलंय, एंडोथेलियल. त्यांना आम्ही ओढत नसू, त्यांच्यावरून प्रवाह सोडायचो. दोन सपाट पट्ट्यांमधे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फट, त्यातून पंपाने मीडियम फिरवायचं. मोठ्या धमनीत भिंतीवर जो घासटा बसतो तो प्रति चौरस सेंटिमीटर १० ते २० डाइन (डाइन हे जोराचं छोटं एकक). तेवढा दिला की गोलसर फरशीसारख्या दिसणाऱ्या पेशी २४ तासांत लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने वळतात. नदीला पूर येऊन गेल्यावर काठचं गवत एका अंगाला झोपतं ना, अगदी तसं चित्र.

आणि एक बुडबुडा! नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर तो जिथून जातो तिथल्या पेशी खरवडून नेतो. तीन दिवसांचं काम एका सेकंदात जायचं. रात्री दोनला नळ्यांना टिचक्या मारत बुडबुडे काढलेत.

ताई, यातून तुम्हाला एक सूचना. पडदा हलला की त्यावरचं मीडियमही हिंदकळतं. म्हणजे तुमच्या पेशींना ताणाबरोबर प्रवाहही मिळणार. बदल ताणामुळे की हिंदकळण्यामुळे, हे वेगळं करायला तिसरी बशी ठेवा: पडदा न ताणता तेवढाच पुढे-मागे सरकवायचा.

अबोली | ११ जुलै, सायंकाळी ६.००

पण पेशीला कळतं कसं? तिला कातडी नाही, डोळे नाहीत.

पवईकर | ११ जुलै, रात्री ८.५०

मस्त प्रश्न. एकच दरवाजा नाही. एक दरवाजा २०१० मध्ये सापडला. अर्देम पटापूटियन यांच्या कॅलिफोर्नियातल्या लॅबमध्ये पेशीला बारीक काचेच्या सुईने टोचायचे आणि टोचल्याबरोबर वाहणारी विजेची सूक्ष्म धारा मोजायचे. मग संशयित जनुकांची यादी केली आणि एकेक जनुक बंद करून परत टोचून बघितलं. ७१ जनुकं बंद केली, धारा चालूच. ७२वं बंद केलं आणि पेशी टोचणीला गप्प झाली. त्या प्रथिनाचं नाव ठेवलं पिझो१, ग्रीक भाषेतल्या 'दाबणे' या शब्दावरून. पेशीच्या आवरणात बसलेली ती एक झडप आहे, आवरण ताणलं की उघडते. २०२१चं नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर मिळालं.

अबोली | ११ जुलै, रात्री ९.०५

बहात्तराव्या वेळेपर्यंत टोचत राहिले! अंगावर काटा आला वाचून.

कडक चहा | ११ जुलै, रात्री ९.३०

आणि पेशी नुसती ओढून घेत नाही, स्वतःही ओढते. १९८० साली अल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी द्रव सिलिकॉनचा पृष्ठभाग क्षणभर ज्योतीवर धरून त्यावर सायीसारखा पातळ थर आणला आणि त्यावर पेशी सोडल्या. पेशी चालायला लागल्या तशा त्या सायीला सुरकुत्या पडल्या. झोपेत कुणी गोधडी पायाने गोळा करावी तशा. सुरकुत्या बघून कुठली पेशी किती जोर लावते याचा अंदाज आला. आता तेच काम जेलमध्ये चमकणारे बारीक मणी घालून, ते किती सरकले यावरून मोजतात. गोदाकाठ, वर्गात दाखवायला सुरकुत्यांचा प्रयोग फार छान.

वैनगंगा | १२ जुलै, दुपारी ३.१५

धागा पहिल्यापासून वाचतेय. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. तुम्ही सगळे पेशी ताणण्याबद्दल बोलताय, मला आमच्याकडची ताणली न जाणारी पेशी आठवली.

सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार इकडे घरोघरी माहीत आहे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यावर दोन टक्क्यांचं ताजं सोडियम मेटाबायसल्फाइट, वर कव्हरस्लिप, कडा व्हॅसलीनने बंद. त्याने ऑक्सिजन संपतो. थोड्या वेळाने मायक्रोस्कोपखाली बघायचं. गोल लाल पेशी एकेक करून टोकदार व्हायला लागतात, कुणी विळ्यासारखी, कुणी ओटच्या दाण्यासारखी. आतलं हिमोग्लोबिन दोऱ्या-दोऱ्यांत गोठतं आणि पेशी काडीसारखी ताठ होते. चांगली लाल पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असून तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून दुमडून निघून जाते. ही दुमडत नाही. अडकते. मग मूल पाय धरून रडत येतं, आणि आई सांगते की काल शाळेत चांगलं खेळत होतं.

मला विचारायचंय की तुमच्या या पीडीएमएसमध्ये केशवाहिनीएवढ्या नळ्या करता येतात का? रक्त त्यातून किती सहज जातं हे मोजता आलं तर औषधाचा उपयोग होतोय का हे कळेल.

सिंगापुरी साळुंकी | १२ जुलै, सायंकाळी ७.३०

वैनगंगा ताई, करता येतात आणि नेमकं हेच केलंय. २००७ मध्ये अमेरिकेत हिगिन्स, भाटिया, महादेवन आणि सहकाऱ्यांनी पीडीएमएसमध्ये बारीक नळ्यांचं जाळं करून त्यातून सिकलसेल रुग्णांचं रक्त सोडलं. पीडीएमएसमधून वायू आरपार जातो, त्यामुळे शेजारच्या नळीतून ऑक्सिजन कमी-जास्त करता येतो. ऑक्सिजन काढला की प्रवाह मंदावून थांबतो, परत दिला की पुन्हा वाहायला लागतो. बघताना घसा दाटून येतो, कारण ते जे काचेत थांबतं तेच मुलाच्या पायात थांबलेलं असतं.

लाल पेशी फिरत्या द्रवात लांबवून लेझरने तिचा लवचीकपणा मोजायचं यंत्रही आहे, एक्टासायटोमीटर म्हणतात. ते महाग. नळ्यांचा साचा एकदा बनला की पुढचे तुकडे त्यातूनच ओतायचे, खर्च थोडा.

वैनगंगा | १२ जुलै, रात्री ८.१०

साचा कुठे बनतो?

पवईकर | १२ जुलै, रात्री ८.४०

क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्या संस्थेत. केशवाहिनीइतका बारीक साचा थ्री-डी प्रिंटरवर जमत नाही. मी व्यनि (खासगी निरोप) करतो, आमच्याकडे बाहेरच्यांनाही सुविधा वापरायला मिळते, अर्ज कसा करायचा ते सांगतो. तुमच्या डॉक्टरांना सोबत घ्या. रुग्णाचं रक्त वापरायचं तर नैतिकता समितीची परवानगी आधी लागेल.

लेथवाला | १३ जुलै, सकाळी ७.००

वैनगंगा ताई, पंप किंवा स्टँड काही लागलं तर मला सांगा. पैसे नकोत.

गोदाकाठ | २ सप्टेंबर, रात्री १०.१५

मंडळी, सात आठवड्यांनी येतेय, पण हात हलवत नाही आले.

काकांनी पाठवलेलं यंत्र जुलैअखेर आलं. खाचेचा एक्सेंट्रिक, स्टेनलेसच्या पकडी, मोटर बाहेर. दहास एक प्रमाणात पीडीएमएस कालवलं, बुडबुडे जाईपर्यंत व्हॅक्यूममध्ये ठेवलं, ७० अंशांवर चार तास भाजलं. पहिले तीन पडदे पकडीजवळ फाटले. चौथ्याला टोकं जाड ठेवली, तो टिकला.

मग ठिपके. मुलींनी मधोमध ५.०० मिलिमीटर अंतरावर दोन ठिपके दिले. पकडी पूर्ण २ मिलिमीटर सरकल्यावर अंतर किती? ५.३६. म्हणजे ७.२ टक्के. आम्ही १० म्हणून लिहिणार होतो! पडदा पकडीत घसरत होता. पकडीच्या आतून बारीक पॉलिश पेपर चिकटवला, परत मोजलं: ५.४८. ९.६ टक्के. पवईकर, 'पकडी सरकल्या म्हणून पेशीला तेवढा ताण मिळाला असं नाही' हे तुमचं वाक्य आता आमच्या इन्क्युबेटरच्या दारावर लावलंय.

तीन बश्या केल्या: एक स्वस्थ, एक नुसती सरकणारी, एक ताणली जाणारी. २४ तासांनी पेशी स्थिर करून अॅक्टिनचे धागे (पेशीच्या आतला प्रथिनांचा सांगाडा) फॅलोइडिन या चमकणाऱ्या रंगाने रंगवले आणि विद्यापीठातल्या फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपवर घेऊन गेलो. पहिल्या दोन बश्यांत पेशी कशाही पसरलेल्या. तिसरीत बहुतेक पेशी ताणाच्या दिशेला आडव्या वळलेल्या, आतले धागे शेतातल्या सऱ्यांसारखे एका ओळीत. मुलींमधली एक म्हणाली, "मॅडम, या ताणापासून तोंड फिरवून बसल्यात." अगदी तेच. ओढण्याच्या दिशेत राहिलं तर दर सेकंदाला ताण, आडवं वळलं तर जवळजवळ नाही. ५ टक्क्यांवर वळणं कमी दिसलं, दंतकथा डॉक्टर.

एक शंका उरलीय. नेमक्या ९० अंशांत न वळता बऱ्याच पेशी ६५-७० अंशांत थांबल्यात. यंत्र तिरकं बसलंय का?

पवईकर | २ सप्टेंबर, रात्री १०.५०

यंत्र सरळ आहे, ताई! रबर लांबीला ओढलं की रुंदीला आक्रसतं. म्हणून ९० अंशांत पेशी दर सेकंदाला थोडी चेपली जाते. ताण शून्य असतो तो त्याच्या जरा अलीकडच्या तिरक्या दिशेत, पेशी तिथेच जाऊन बसल्यात. ठिपके आडव्या दिशेनेही मोजा, रुंदी किती टक्के आक्रसते ते काढा, मग शून्याचा कोन कागदावर काढून पेशींच्या कोनाशी ताडून बघा.

सिंगापुरी साळुंकी | ३ सप्टेंबर, सकाळी ८.२०

किती छान! आता हे धमनीत बसवून बघा. नाडीच्या ठोक्याने धमनी फुगते, म्हणजे ताण गोलाईत. रक्त लांबीत वाहतं. ताणाला आडवं आणि प्रवाहाला समांतर, या दोन्हीची दिशा एकच निघते, वाहिनीची लांबी. अस्तराच्या पेशी तशाच झोपलेल्या असतात.

लेथवाला | ३ सप्टेंबर, सकाळी ८.४५

ताई, बुशमधून आवाज येतो का? दोन लाख फेरे झाले असतील.

गोदाकाठ | ३ सप्टेंबर, सकाळी ९.१०

चार लाख झाले, काका. डाव्या बाजूला हलकी टकटक सुरू झालीय कालपासून.

लेथवाला | ३ सप्टेंबर, सकाळी ९.१५

डेलरिन झिजलं. नवीन जोडी आज कुरिअर करतो.